पीसी चालू केला की तीन बीप आणि स्क्रीन काळी, रॅम गेली की मदरबोर्ड?

तुम्ही म्हणताय पीसी पंधरा दिवस बंद होता, आता चालू केला की पंखे फिरतात, तीन बीप वाजतात, मॉनिटरवर नो सिग्नल, आणि दुकानवाला मदरबोर्ड बदला म्हणतो. पैसे देऊ नका अजून.

मी फोंड्याचा, माझं पण सेम झालेलं. चवथीला आम्ही सगळे पेडण्याला गावच्या घरी, इकडचं घर आठ-दहा दिवस बंद, बाहेर पाऊस, परत आलो तर चपलांना बुरशी आणि पीसीची ही बोंब. दुकानात बोर्ड गेला सांगितलं, 6 हजार. घरी आणून रॅमची (पीसीच्या मेमरीची) पट्टी काढून बघितली तर सोनेरी पिनांवर तपकिरी झाक आलेली. पोराचा पांढरा खोडरबर घेतला, हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी घासला, रबरावर काळी रेघ उठली, परत लावली तर एकच बीप आणि लोगो आला! आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात समुद्राजवळ घर असेल तर खारी हवा, हे होतंच.

करायचं असं की आधी प्लग काढा (नुसतं बटण बंद करून चालत नाही), मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला करंट जातो. पीसीच्या डब्याच्या पत्र्याला हात लावून (अंगातली स्टॅटिक वीज जाते) मगच रॅम काढा, पिनांना बोटं लावू नका, रबराचा चुरा नीट झटका, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं. लावताना खाच जुळवा आणि क्लिप टक् करून बसेपर्यंत दाबा, अर्धवट बसलेली पट्टी हेच बऱ्याचदा कारण असतं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. एक पट्टी कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नसेल तर ती गेली, आणि दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडत असतील तर स्लॉटचा प्रॉब्लेम. नवीन घ्यायची वेळ आलीच तर तुमच्या बोर्डला डीडीआर3 लागते की डीडीआर4 (रॅमच्या पिढ्या) ते बघून घ्या, 240 पिना आणि 288 पिना, खाच वेगळ्या जागी, एकमेकांत बसत नाहीत.

बीप मोजा मात्र नीट. बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) कुठल्या कंपनीचा त्याप्रमाणे अर्थ बदलतो, एएमआयमध्ये तीन छोटे म्हणजे मेमरी, जुन्या अवॉर्डमध्ये एक लांब दोन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्ड. आणि एकच छोटा बीप येऊन स्क्रीन काळी असेल तर रॅमला लगेच हात लावू नका, बहुतेक वेळा मशीन तपासणीत पास झालेलं असतं, आधी केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असून मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली मी कितीदा पाहिलीय, आणि हसू नका, एकदा माझीच होती.

रॅम साफ करूनही बीप तसेच राहिले तर प्लग काढून बोर्डवरचा सीआर2032 (बटणासारखा गोल) सेल पाच मिनिटं काढून परत लावा, बायोस सेटिंग रिसेट होतं. त्यानंतरही नाहीच झालं तर ओळखीच्या कोणाची चालू पट्टी मागून लावून बघा, त्याने पण बीप वाजले तर मग दुकानवाल्याचं ऐका.