वाचकांचे प्रश्न : परदेशातला महिला क्लब

प्रश्न : नवऱ्याच्या बदलीमुळे दोन महिन्यांपूर्वी परदेशात आले. इथे परदेशी बायकांचे दोन क्लब आहेत. एकाच्या नावातच ‘अमेरिकन’ आहे, दुसऱ्याच्या फॉर्मवर दोन सभासदांच्या सह्या हव्यात. मी अमेरिकन नाही आणि इथे कुणाला ओळखतही नाही. अर्ज करावा का?

उत्तर : जरूर करा. नावावर जाऊ नका, क्लबच्या घटनेतलं सभासदत्वाचं कलम वाचा. अमेरिकेबाहेरच्या अमेरिकन महिला क्लबांचा ‘फॉको’ हा महासंघ १९३१ पासून आहे. अशा क्लबांपैकी अनेक जण इतर देशांच्या बायकांनाही घेतात, कुठे पूर्ण सभासद म्हणून, तर कुठे सहयोगी म्हणून. सहयोगी सभासदाला बऱ्याचदा मत देता येत नाही किंवा अध्यक्ष होता येत नाही. कार्यक्रमांना येण्याजाण्यात मात्र सहसा फरक पडत नाही. काही क्लबांत एकाच देशाच्या सभासदांची संख्या ठरावीक प्रमाणापुढे जाऊ देत नाहीत. तुमच्या देशाचा वाटा भरला असेल तर प्रतीक्षायादीत नाव घालायला सांगा. बदल्या होत राहतात, तशी यादीही सरकते.

सह्यांचं ओझं वाटून घेऊ नका. सभासदत्व पाहणाऱ्या बाईंना सरळ लिहा, ‘नवीन आहे, कुणाशी ओळख नाही.’ पाहुणी म्हणून एकदोनदा येण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते, सह्या तिथेच मिळतात. पासपोर्टची प्रत आणि व्हिसाची मुदत विचारली तर ती कशासाठी हवी आणि किती दिवस ठेवणार, हे आधी विचारा. ‘पतीचा हुद्दा’ हा रकाना काही फॉर्मांवर अजून दिसतो. आम्हाला तो खटकतो. बंधनकारक नसेल तर कोरा सोडा.

पैसे भरण्याआधी वर्गणीचं वर्ष कधी सुरू होतं ते पाहा. पुष्कळ क्लबांचं वर्ष शाळांबरोबर चालतं, सप्टेंबर ते जून. एप्रिलमध्ये पूर्ण वर्गणी भरलीत तर हाती दोन-तीनच महिने येतात, म्हणून उरलेल्या महिन्यांपुरती घेता का, ते विचारा. सामील व्हायला सप्टेंबरइतका चांगला महिना नाही. उन्हाळ्यात बऱ्याच जणी बदलून गेलेल्या असतात, त्यामुळे जुन्यांनाही मैत्रिणी हव्या असतात.

प्रश्न : क्लबच्या कॉफी मॉर्निंगला, म्हणजे सकाळच्या कॉफीच्या मेळाव्याला गेले. साठेक बायका, सगळ्या आपापल्या घोळक्यात. तास कसाबसा काढला. पुन्हा जावंसं वाटत नाही.

उत्तर : मोठ्या कॉफी मॉर्निंगमध्ये मैत्री होत नाही, ती क्लबमधल्या चालण्याच्या, पुस्तकांच्या, खेळांच्या छोट्या गटांत होते. म्हणून कॉफी मॉर्निंगला एकाच कामासाठी जा : कुठल्या गटात आत्ता जागा आहे आणि तो कोण चालवतं, हे शोधायला.

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. उशिरा गेलात की घोळके जमलेले असतात आणि पाठींच्या भिंतीतून आत शिरणं अवघड जातं. लवकर गेलात तर लोक तुमच्याभोवती जमतात. नोंदणीच्या टेबलापाशी उभं राहा, नावाच्या चिठ्ठ्या द्यायला हात लावा. काम हातात असलं की बोलायला निमित्त शोधावं लागत नाही.

गट निवडताना विषयापेक्षा वारंवारता बघा. महिन्यातून एकदा भरणाऱ्या बुक क्लबात चार भेटी व्हायला चार महिने लागतात, तेच आठवड्याच्या चालण्याच्या गटात एका महिन्यात होतं. चालताना समोरासमोर बसावं लागत नाही, मध्येच गप्प राहिलं तरी चालतं. अबोल बाईला याहून सोपा गट नाही. बुक क्लब बहुधा घरी भरतात, त्यामुळे दहाबारा जणींत जागा संपते. पत्त्यांचा ब्रिज आणि सोंगट्यांचा चिनी खेळ माहजाँग यांना मात्र एका टेबलाला बरोबर चार जणी लागतात. एक आली नाही की डाव अडतो. ‘बदली खेळाडू’ म्हणून नाव द्या, आपणहून बोलावणी येतील. खेळ येत नसेल तर नवशिक्यांचं टेबल आहे का, ते विचारा.

कुठल्याही गटाला चार वेळा गेल्याशिवाय नाही म्हणू नका. पहिल्या दोन वेळा तर नावं लक्षात ठेवण्यातच जातात.

प्रश्न : मी नोकरी करते आणि सगळे कार्यक्रम सकाळी अकराला!

उत्तर : हे क्लब नोकरी नसलेल्या बायकांच्या वेळापत्रकावर उभे राहिले, त्याची ही खूण. संध्याकाळचा एकही गट नसेल तर वर्गणी भरू नका. परदेशात राहणाऱ्यांची ‘इंटरनेशन्स’सारखी २००७ पासून चालणारी मंडळी बहुतेक संध्याकाळीच भेटतात, तिथे पाहा.

प्रश्न : क्लबने खजिनदार होण्याची गळ घातली आहे. माझा डिपेंडंट व्हिसा आहे, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला. हो म्हणावं का?

उत्तर : आधी व्हिसाच्या अटी वाचा. काही देशांत, एरवी ज्याला पगार मिळतो असं काम फुकट केलं तरी ते ‘काम’ धरलं जातं. शंका असेल तर इमिग्रेशन कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या, क्लबमधल्या ‘आम्ही सगळ्या करतो’वर विसंबू नका.

मग क्लबला चार गोष्टी विचारा. क्लबची नोंदणी आहे का? खातं क्लबच्या नावावर आहे का? चेकवर दोन सह्या लागतात का? गेल्या वर्षीचा जमाखर्च तिसऱ्या कुणी तपासला का? खातं एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक नावावर असेल तर नकार द्या. ती बदलून गेली की पैसे अडकतात आणि जाब खजिनदाराला विचारला जातो.

धर्मादाय विक्री किंवा देणगी गोळा करण्याचं ठरलं तर परवान्याचा विषय पहिल्याच बैठकीत काढा. संयुक्त अरब अमिरातीत परवान्याशिवाय निधी गोळा करणं गुन्हा आहे, मग तो व्हॉट्सअॅप ग्रुपवरून का असेना.

पद घेतलंत तर जूनमध्ये जाणाऱ्या खजिनदाराकडून मे महिन्यातच बँकेतल्या सह्या बदलून घ्या. बँक दोघींनाही समोर बोलावू शकते, आणि एक जण देश सोडून गेली असेल तर नवीन सही चढेपर्यंत हॉलचं भाडंही भरता येत नाही.