जमैकाचं डान्सहॉल संगीत म्हणजे तिथलं रेगेच का? आणि त्यात गायकापेक्षा नाचणाऱ्यांवरच कॅमेरा का असतो?

निघालंय रेगेतूनच, पण रेगे नव्हे. डान्सहॉलचा जीव बँडमध्ये नाही, साउंड सिस्टिममध्ये आहे. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत मोकळ्या जागेवर रचलेले माणसाहून उंच स्पीकर, रेकॉर्ड लावणारा सिलेक्टर आणि माइकवर तालात बोलणारा डीजे. (तिथे डीजे म्हणजे बोलणारा, आपल्या मिरवणुकीतला डीजे डोक्यातून काढून टाका.) साउंड सिस्टिम १९५०च्या आधीपासूनच्या, डान्सहॉल हे नाव संगीताला चिकटलं सत्तरीच्या अखेरीस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रिदिममध्ये आहे. रिदिम म्हणजे बास आणि ड्रमचा तयार पाया. एकाच रिदिमवर वीस-पंचवीस जण आपापली गाणी म्हणतात आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. गायक वेन स्मिथ आणि त्याचा मित्र नोएल डेव्ही यांना कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये एक आयता ताल सापडला. निर्माता किंग जॅमीने त्याची गती उतरवली आणि १९८५मध्ये 'स्लेंग टेंग' रिदिम गाजला. त्यानंतर जमैकात यंत्रावरच्या रिदिमांचा पूर आला. गंमत अशी की तो ताल बसवणारी हिरोको ओकुडा कॅसिओत नुकतीच लागलेली जपानी तरुणी होती आणि तिने कॉलेजात प्रबंध लिहिला होता तो रेगेवरच!

आता पाया सगळ्यांना पाठ असेल तर त्या रात्री नवं काय? कोण कशी नाचली आणि काय घालून आली, हेच. कार्लीन स्मिथ १९९२मध्ये 'डान्सहॉल क्वीन' म्हणून गाजली ती नाचामुळे आणि कपड्यांमुळे. जेराल्ड लेव्ही ऊर्फ बोगल स्टेप काढायचा, गायक त्या स्टेपचं नाव गाण्यात घ्यायचे आणि ती बेटभर पसरायची. २००५मध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला. आणि तो कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा! व्हिडिओवाला गर्दीत फिरतो, दिवा ज्याच्यावर पडेल तो तेवढ्यापुरता स्टार. या टेपा लंडन-न्यूयॉर्कच्या जमैकन घरांपर्यंत जायच्या, म्हणून त्या उजेडासाठी रेटारेटी.

मी स्वतः या नादाला लागलो तो रेकॉर्डच्या कव्हरांमुळे. विल्फ्रेड लिमोनियस (१९४९–१९९९) हा वर्तमानपत्रातला व्यंगचित्रकार. प्रौढ साक्षरतेच्या पुस्तिकांसाठीही त्याने चित्रं काढली. ऐंशीच्या दशकातली त्याची कव्हरं बघाच. नाचणारी जाडजूड माणसं, वेडीवाकडी पावलं, आणि कोपऱ्यात एखादं पात्र जमैकाच्या पात्वा बोलीत शेरा मारतंय. गायकाचा फोटो नसला तरी चालतं, गर्दी हवीच. त्या काळचं डान्सहॉल मला कुठल्याही माहितीपटापेक्षा तिथेच जास्त कळलं.

सगळंच गोड नाही. समलिंगी लोकांविरुद्धची हिंसक गाणी या संगीतात होती, त्यापायी परदेशातले कार्यक्रमही रद्द झाले. डान्सहॉल गायक बुजू बँटनने २०१९मध्ये आपलं तसलं एक गाणं मागे घेतलं. उशिराच, पण घेतलं.

ऐकायला सुरुवात कुठून करायची विचाराल, तर 'दिवाली' रिदिमपासून करा. नाव आपल्या सणाचं, बनवणारा जमैकाचाच स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेन. शॉन पॉलचं 'गेट बिझी' आणि वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' लागोपाठ लावा आणि टाळ्यांकडे कान ठेवा. पहिलं ओरडून नाचवतं, दुसरं चक्क प्रेमगीत आहे, आणि खाली टाळ्या त्याच.