उंदीर पोहत नाही, म्हणजे विसरला का?

प्रश्न : अल्झायमरसाठी जनुकबदल केलेल्या उंदरांवर आम्ही मॉरिस यांची पाण्यातली चाचणी घेतो, म्हणजे हौदात पाण्याखाली लपवलेल्या मचाणाची जागा उंदराने खोलीतल्या खुणांवरून लक्षात ठेवायची. काही उंदीर नुसते तरंगतात, काही भिंतीच्या कडेकडेने गोल पोहतात. पाण्याखालचं मचाण त्यांना सापडत नाही. स्मृती गेली असं नोंदवायचं का?

उत्तर : इतक्यात नको. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१मध्ये मांडलेली ही चाचणी मुळात रॅटसाठी, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरासाठी होती. रॅट पोहण्यात सराईत, माऊसला, म्हणजे तुमच्या छोट्या उंदराला, मात्र पाणी नकोसं वाटतं. त्यामुळे तुम्ही सांगता त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा स्मृतीशी संबंध नसू शकतो.

आधी डोळे बघा. एसजेएल या प्रयोगशाळेतल्या उंदीरजातीची मिसळ असलेल्या अल्झायमर वंशांत पीडीई६बी जनुकातला ‘आरडी१’ दोष फिरत असतो. दोन्ही प्रती सदोष मिळालेल्या पिल्लाच्या दृष्टिपटलातल्या प्रकाशपेशी दूध सुटायच्या सुमारासच मरू लागलेल्या असतात. असा उंदीर खोलीतल्या खुणा बघणार कुठून? जनुकचाचणीसाठी नमुना घेताच आहात, तर त्यातच हीही तपासणी करून घ्या.

मग दिसणाऱ्या मचाणाच्या फेऱ्या. मचाण पाण्याच्या वर, त्यावर झेंडी, भोवती पडदे ओढलेले आणि दर फेरीला जागा बदललेली. इथेही मागे पडणाऱ्या उंदराची अडचण नजरेत, स्नायूंत किंवा अनिच्छेत असू शकते. त्याचे पुढचे आकडे स्मृतीच्या खात्यात टाकू नका.

तरंगण्यामागे पुष्कळदा पाण्याचं तापमान असतं. कोमट पाण्यातून बाहेर पडायची उंदराला घाई नसते. साधारण २० ते २२ अंश सेल्सिअस ठेवा. पण या तापमानाला फेऱ्या लागोपाठ घेतल्या तर इवल्याशा अंगातली ऊब झपाट्याने जाते आणि शेवटच्या फेऱ्या बिघडतात. दोन फेऱ्यांत निदान १५ मिनिटं जाऊ द्या, उंदीर पुसून उबेत ठेवा.

कडेने पोहण्यात भीतीचा भाग मोठा. चाचणीआधी काही दिवस हाताळणीची सवय लावा, आणि शेपटीला धरून न उचलता नळीतून किंवा ओंजळीतून न्या. हा बदल फुकटात होतो, तरी लोक टाळतात.

नुसता वेळ मोजणं ही आणखी एक चूक. हळू पोहणाऱ्याला सरळ वाटेनेही उशीर होतो, म्हणून कापलेलं अंतर आणि वेगही नोंदवा. शेवटच्या सरावानंतर २४ तासांनी मचाण काढून ६० सेकंदांची फेरी घ्या. निव्वळ योगायोगानेही उंदीर हौदाच्या योग्य चतुर्थांशात, म्हणजे मचाण होतं त्या पाव भागात, सरासरी २५ टक्के वेळ असतो, त्याहून जास्त असला तरच जागा आठवते म्हणता येईल. तरंगणाऱ्यांना वगळायचं असेल, तर निकष प्रयोगाआधी लिहून ठेवा. वगळणाऱ्याला उंदराचा जनुकप्रकार ठाऊक नसावा.

प्रश्न : उंच अधिक-चिन्ह भूलभुलैयात (उंचावरच्या अधिक-चिन्हाच्या दोन भुजा उघड्या, दोन भिंतींनी बंद) औषधाआधी आणि नंतर, अशी एकाच उंदराची चिंता दोनदा मोजता येते का?

उत्तर : नाही. पाच मिनिटांच्या पहिल्याच भेटीने उंदीर बदलतो. दुसऱ्या वेळी तो उघड्या भुजांवर जायचं टाळतो आणि डायझेपामसारख्या चिंता कमी करणाऱ्या औषधाचा परिणामही बहुधा दिसत नाही. दोन वेगळे गट घ्या.

प्रश्न : सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीत, म्हणजे बाहेर पडता येणार नाही अशा पाण्याच्या भांड्यात, जास्त वेळ स्थिर राहणारा उंदीर नैराश्यग्रस्त समजावा का?

उत्तर : अहवालात ‘स्थिर राहण्याचा वेळ वाढला’ एवढंच लिहा. संशोधक पोरसोल्ट यांनी १९७७मध्ये ही चाचणी नैराश्यविरोधी औषधं चाळण्यासाठी आणली. सहापैकी शेवटची चार मिनिटं मोजायची. इथे नैराश्यविरोधी औषधाच्या एका मात्रेनेही फरक पडतो, रुग्णाला मात्र आठवडे लागतात. शिवाय ताकद वाचवायला गप्प राहणं हे उंदराचं शिकलेलं शहाणपणही असू शकतं. उलट अँफेटामाइनसारख्या उत्तेजकाने हालचाल वाढली तरी स्थिरता घटते आणि औषध गुणकारी भासतं. त्यामुळे त्याच मात्रेवर, वेगळ्या गटात, मोकळ्या चौकटीतली (रिकाम्या, उघड्या पेटीतली) एकूण हालचाल तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.