पहाटे तीनचा घाम आणि तीन डॉक्टरांच्या तीन फायली

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं पाळी जायच्या वयातल्या शुगर-कोलेस्टेरॉलचीच निघाली. त्यातली तीन घेतलीत, पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण त्यात बाकीच्या बऱ्याच जणींचंही आलंय.

प्रश्न : मी ५२ वर्षांची, साताऱ्याजवळ राहते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, पिशवी काढलेली नाही. अंगातून वाफा निघायच्या, झोप नाही, म्हणून लेडी डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी आहे, थायरॉइडची पण आहे, तिचे डॉक्टर वेगळे. वाफा थांबल्या होत्या पण आता पंधरा दिवस झाले पहाटे परत घामाघूम होते. आणि नवीन रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८० चं ३४० झालं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र १४८ वरून १३१ वर आलं. शुगरचे डॉक्टर म्हणाले (त्यांना हार्मोनचं सांगितलं नव्हतं) कोलेस्टेरॉलची गोळी घ्या, पण आधीच एवढ्या गोळ्या म्हणून मी ती आणलीच नाही. मिस्टरांनी कुठेतरी वाचलं की हार्मोनने कॅन्सर होतो, ते म्हणतात सगळं बंद कर. काय करू?

उत्तर : ताई, आधी घामाचं बघू कारण तेच सगळ्यात घाईचं आहे. तुम्ही धरूनच चाललात की हा घाम पाळीचाच. पण ग्लिमेपिराइड शुगर खाली ओढतं, आणि रात्री जेवण कमी झालं किंवा एकादशी असली तर जरा जास्तच ओढतं, मग पहाटे तीनला घाम, धडधड, हात थरथरणं, म्हणजे वाफा येतात तेव्हा होतं जवळपास तेच सगळं. नुसत्या अंदाजाने फरक कळत नाही. उशाशी ग्लुकोमीटर ठेवा आणि घाम आला की बोट टोचून बघा. ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, १५ मिनिटांनी परत बघा आणि सकाळी शुगरच्या डॉक्टरांना फोन करा, गोळी कमी करावी लागेल. आकडा १३०-१४० असला तर शुगर उतरल्याचा घाम नाही, पाळीचा असू शकतो. आणखी एक, हार्मोन सुरू झाल्यावर शरीरातलं इन्सुलिन थोडं बरं काम करायला लागू शकतं, त्यामुळे आधी नीट बसलेला शुगरचा डोस नंतर जास्त ठरू शकतो, आता हे त्या डॉक्टरांना कसं कळणार, तुम्ही त्यांना हार्मोनचं सांगितलेलंच नाही! (रागावत नाहीये, दहातल्या आठ जणी नाही सांगत, लाजतात.)

आता ३४० चं. तुमच्या हार्मोनच्या गोळीत असतं ते इस्ट्रोजेन, पाळी गेली की शरीरात कमी पडणारं बायकी हार्मोन. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी लिव्हरला जातं आणि मग बाकी अंगाला. लिव्हरमध्ये ते एलडीएल खाली आणतं पण ट्रायग्लिसराइड वर ढकलतं, तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच दिसतंय. आणि याच लिव्हरच्या वाटेमुळे रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोकाही गोळीने थोडा वाढतो. तेच इस्ट्रोजेन जेलमधून किंवा पॅचमधून कातडीवाटे घेतलं तर लिव्हरची ही पहिली फेरी चुकते, ट्रायग्लिसराइड तसं वाढत नाही. म्हणून तुमच्या लेडी डॉक्टरांना सरळ विचारा, गोळीऐवजी जेल चालेल का? मला तरी तुमच्या बाबतीत हार्मोन बंद करण्यापेक्षा घ्यायची वाट बदलणं जास्त पटतं. जेल दंडावर किंवा मांडीवर लावतात, छातीवर नाही, आणि वाळेपर्यंत नातवंडाला त्या हाताने कडेवर घ्यायचं नाही.

पिशवी आहे म्हणजे सोबत प्रोजेस्टेरॉन, म्हणजे पिशवीचं अस्तर आटोक्यात ठेवणारं दुसरं हार्मोन, लागणारच, जेल घेतलं तरी. त्याच्या रात्रीच्या कॅप्सूलने गुंगी येते म्हणून काही जणी तेवढीच सोडून देतात आणि इस्ट्रोजेन चालू ठेवतात, हे अजिबात करू नका, पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यातूनच कॅन्सरची भीती. गुंगी येते म्हणूनच ती झोपताना घ्यायची असते.

थायरॉइड राहिलंच. इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्तात थायरॉइड हार्मोनला धरून ठेवणारं प्रोटीन वाढतं, त्यामुळे तुमची थायरॉइडची गोळी तीच असूनही अपुरी पडू शकते, आणि थायरॉइड कमी पडलं की एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात, झोप आल्यासारखं वाटतं, अंग दुखतं, आणि आपण म्हणतो वयच झालं आता. हार्मोन सुरू केल्यावर ६ ते १२ आठवड्यांत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला हवी होती, तुमच्या रिपोर्टमध्ये ती दिसत नाही. आधी ती करा. आणि ट्रायग्लिसराइड परत बघायचं तर १०-१२ तास उपाशी पोटी, लग्नाच्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी नको. ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, तुमचं तिथवर गेलेलं नाही पण तसंच सोडायचंही नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी मात्र आणा. डायबेटीस आहे आणि वय चाळीसच्या पुढे, म्हणजे स्टॅटिन (हीच ती कोलेस्टेरॉलची गोळी) बहुतेकांना देतातच, एलडीएल १३१ असताना तर नक्कीच. त्याने शुगर किंचित वाढते हे खरंय, पण हार्ट अटॅक टळण्याचा फायदा त्याहून मोठा आहे. हार्मोनने एलडीएल उतरलं म्हणून हार्मोन हे काही कोलेस्टेरॉलचं औषध होत नाही, ते वाफांसाठी, झोपेसाठी.

मिस्टरांनी वाचलंय ते बहुधा २००२ साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या मोठ्या अभ्यासावरून आलेलं असणार. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, औषध घोडीच्या लघवीपासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि सोबत कृत्रिम प्रोजेस्टेरॉन, आणि स्तनाच्या कॅन्सरची वाढ होती वर्षाला १०,००० बायकांमागे ८ जणी जास्त. धोका शून्य नाही, पण पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत आणि साठीच्या आत सुरू केलं तर गणित वेगळं असतं. स्वतःला स्तनाचा कॅन्सर, हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा पायात गुठळी होऊन गेली असेल तर मात्र सहसा देत नाहीत. मिस्टरांना पुढच्या वेळी सोबत न्या. आणि तिन्ही डॉक्टरांकडे जाताना फाइल न्या न न्या, सगळ्या गोळ्यांची पिशवीच न्या.

खाण्याचं विचारलं नाहीत, तरी एक सांगते. उपासाला साबुदाणा खिचडी, वर रताळं, वर खजूर, ही सगळी शुगर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढायची सोय आहे. गूळ चालतो हाही भ्रमच. आणि ज्वारीची भाकरी चांगली पण तीन खाल्ल्या तर तीन भाकऱ्यांची शुगर होणारच ना.

प्रश्न : वय ४६, नाशिक. वर्षभर पाळीत खूप जास्त जातं, दहा-दहा दिवस. हिमोग्लोबिन ९. आता एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ६.२ आलं, नणंद म्हणते डायबेटीस झाला, आणि पिशवी काढून टाक म्हणजे सुटशील. खरं का?

उत्तर : ६.२ म्हणजे डायबेटीस नाही, तो ६.५ पासून. ५.७ ते ६.४ ही काठावरची. पण तुमच्या बाबतीत त्या आकड्यावरच माझा भरवसा नाही, कारण लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटंच जास्त दिसू शकतं. आधी उपाशी पोटी शुगर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी एक, अशी करा. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) पण करा. लोहाच्या गोळ्या घेऊन रक्त भरलं की तीनेक महिन्यांनी एचबीएवनसी परत, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, जुन्या पेशी जायला वेळ द्यायला हवा.

पिशवीची घाई कशाला? "पाळी जाताना जास्त जातंच" असं म्हणून अंगावर काढणं चूक आणि लगेच पिशवी काढणं हीदेखील चूक. आधी सोनोग्राफी, आणि पंचेचाळिशीच्या पुढे असल्याने अस्तराचा तुकडा तपासायला सांगतील, तो तपासा. त्यात काही नसलं तर प्रोजेस्टेरॉन सोडणारं, कॉपर-टीसारखं दिसणारं साधन आत बसवतात, त्याने रक्तस्राव खूप कमी होतो आणि पुढे कधी इस्ट्रोजेन लागलंच तर तेच प्रोजेस्टेरॉनचंही काम करू शकतं. ऑपरेशनमध्ये अंडाशयही काढलं तर पाळी हळूहळू नाही, एका दिवसात जाते, वाफा जोरात, हाडं-हृदयाचं संरक्षण लवकर गेलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याच्या आरोपांची २०१९ मध्ये सरकारी समितीला चौकशी करावी लागली होती, हे नणंदेला सांगा.

प्रश्न : ५८, डोंबिवली. खाली कोरडेपणा, जळजळ, सारखी खाज. शुगरला डापाग्लिफ्लोझिन आहे. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलंय, शुगर वाढेल का?

उत्तर : नाही वाढणार, कमी डोसचं क्रीम रक्तात नगण्य जातं, शुगर-कोलेस्टेरॉलला धक्का नाही. पण खाज नुसती कोरडेपणाची असेलच असं नाही. तुमची गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते आणि त्यावर बुरशी वाढते, तर क्रीम लावायच्या आधी एकदा तपासून घ्या, बुरशी असेल तर तिचं औषध वेगळं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि पाळी जाऊन एवढी वर्षं झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा, क्रीममुळे असेल म्हणून थांबू नका.