चिंतामणरावांची मतं कुणाकडे गेली? : वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात मी अमेरिकेतल्या अशा मतदारांचा ओझरता उल्लेख केला होता, जे एका पक्षाचे म्हणून ओळखले जातात आणि अध्यक्षपदासाठी मात्र दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला मत देतात. त्यावर गुहागरपासून मालवणपर्यंत बरीच पत्रं आली. काहींनी थेट आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीबद्दल विचारलं आहे, आणि ते योग्यच आहे. शीर्षकातले चिंतामणराव म्हणजे सी. डी. देशमुख, त्यांची गोष्ट पुढे येते.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याचा शेजारी रिपब्लिकन म्हणून नोंदलेला आहे, पण मत डेमोक्रॅटिक उमेदवाराला दिलं असं सगळ्यांना सांगतो. पक्ष त्याला काढून टाकत नाही? (गुहागर)

काढण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती नोंदणी म्हणजे आपल्याकडची पक्षाची पावती नव्हे. ती सरकारी मतदार यादीतली नोंद असते. तिचा उपयोग मुख्यतः प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवताना होतो. नोव्हेंबरच्या खऱ्या मतदानात कुणीही कुणालाही मत द्यावं. मिशिगनसारख्या काही राज्यांत तर मतदार यादीत पक्षाची नोंदच नसते.

आणि हे शेजाऱ्यापाजाऱ्यांपुरतंही नाही. 2000 साली डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार असलेले जो लीबरमन 2008 मध्ये रिपब्लिकन अधिवेशनात जाऊन त्या पक्षाचे उमेदवार मॅकेन यांच्यासाठी बोलले. त्याच वर्षी रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी डेमोक्रॅटिक ओबामांना पाठिंबा दिला. 2024 मध्ये रिपब्लिकन नेत्या लिझ चेनी डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांच्या प्रचारात उतरल्या. या तिघांनीही आपली भूमिका चारचौघांत सांगितली. पुढच्या उत्तरांसाठी हे लक्षात ठेवा.

अशा मतदारांनी निकाल खरंच फिरतो, की ही नुसती चर्चा? आणि ते पक्ष का बदलतात? (देवरुख)

फिरतो. मिशिगनमधली मॅकोम काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घ्या. डेट्रॉइटला लागून, मोटार कारखान्यांतल्या कामगारांची वस्ती, युनियन घट्ट. 1960 मध्ये तिथल्या लोकांनी डेमोक्रॅटिक केनेडींना भरभरून मतं दिली आणि 1984 मध्ये त्याच काउंटीने रिपब्लिकन रेगन यांना तितक्याच उत्साहाने निवडलं. त्या वर्षी रेगन यांनी 50 पैकी 49 राज्यं जिंकली. स्टॅन्ली ग्रीनबर्ग या अभ्यासकाने 1985 मध्ये तिथल्या लोकांना गटागटाने बसवून बोलतं केलं. पक्ष आता आपला राहिला नाही, आपण कर भरतो आणि पैसा दुसऱ्यांवर खर्च होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या ‘दुसऱ्यां’मध्ये डेट्रॉइटमधले कृष्णवर्णीय होते, हे स्पष्टपणे लिहायला हवं. पक्षाची रेषा ओलांडली म्हणजे माणूस विवेकानेच वागला, असं नाही. कधी राग असतो, कधी भीती, कधी शेजाऱ्याबद्दलचा आकस.

पण गोष्ट तिथे संपत नाही. याच मॅकोमने 2008 आणि 2012 मध्ये ओबामांना कौल दिला आणि 2016 मध्ये ट्रम्प यांना सुमारे 48 हजारांची आघाडी दिली. अख्ख्या मिशिगनमध्ये ट्रम्प जिंकले ते 10,704 मतांनी. म्हणजे एका काउंटीचा कल राज्याच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. म्हणून ‘ते सगळे वर्णद्वेषी’ हे एका ओळीचं उत्तर मला पटत नाही. ओबामांना दोनदा मत देणारा कामगार ट्रम्पकडे का गेला, हे समजून घ्यायचं तर त्याच्या कारखान्याचं दार कधी बंद झालं हेही विचारावं लागतं.

सर, मतदान जर गुप्त आसा, तर मगे राष्ट्रपतीच्या निवडणुकीत किती जण फुटले ता पेपरवाल्यांका कसां कळता? (मालवण)

आकड्यांवरून. मोजणीत खासदारांची मतं वेगळी आणि प्रत्येक राज्यातल्या आमदारांची वेगळी जाहीर होतात. कोणत्या पक्षाचे किती जण आहेत हे माहीतच असतं. अपेक्षेपेक्षा दहा मतं जास्त पडली की तितके फुटले, असा हिशेब मांडतात. 2022 मध्ये द्रौपदी मुर्मू यांना विरोधी बाजूच्या 17 खासदारांनी मत दिलं असं सांगितलं गेलं, ते याच हिशेबाने. नावं कळत नाहीत.

आणि कळली तरी आमदारकी जात नाही. पक्षांतरबंदी कायदा 1985 साली आला, पण तो सभागृहातल्या मतदानाला लागू होतो. राष्ट्रपतींची निवड हे सभागृहाचं कामकाज नाही, त्यामुळे तिथे पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा आदेश, चालत नाही.

आमच्या कोकणातल्या आमदारांच्या मताला काही वजन आहे का? (दापोली)

आहे, आणि ते मोजताही येतं. एका आमदाराच्या मताचं मूल्य असं काढतात: 1971 च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, त्याला पुन्हा हजाराने भागायचं. महाराष्ट्राचं उत्तर येतं 175. रत्नागिरीचे पाच आणि सिंधुदुर्गाचे तीन, असे आठ आमदार मिळून 1,400. 2022 मध्ये एका खासदाराच्या मताचं मूल्य 700 होतं, म्हणजे आपले दोन जिल्हे मिळून दोन खासदारांच्या बरोबरीचे. विधान परिषदेच्या सदस्यांना मात्र या निवडणुकीत मत नसतं.

सी. डी. देशमुख राष्ट्रपतिपदाला उभे होते असं माझे वडील सांगायचे. खरं का? (महाड)

अगदी खरं, आणि महाडच्या माणसाने हे विचारावं याचा मला फार आनंद झाला. चिंतामणराव तुमच्याच महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1952 मध्ये कुलाब्यातून (म्हणजे आजच्या रायगडातून) लोकसभेवर गेलेले, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून 1956 मध्ये ते मंत्रिपद सोडणारे. आपल्या विषयाचा सगळा गाभा त्यांच्या 1969 च्या उमेदवारीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मे 1969 मध्ये डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच गेले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार ठरले नीलम संजीव रेड्डी. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने देशमुखांना उभं केलं. इथे मतपत्रिकेवर एकच शिक्का मारायचा नसतो, पसंतीचे क्रमांक लिहायचे असतात. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून अधिक मतं नसतील, तर मागे पडलेले उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी ही दुसरी पसंती मागायला जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाशी बोलणी केली. इंदिरा गांधींनी तेच कारण पुढे केलं, रेड्डींसाठी व्हिप काढायला (तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता) नकार दिला आणि ‘सदसद्विवेकबुद्धीला स्मरून’ मत द्या, असं सांगितलं.

20 ऑगस्टला मोजणी झाली. गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, देशमुख 1,12,769. जिंकायला 4,18,169 हवी होती. मग बाद झालेल्यांची मतं वाटायला घेतली, आणि त्यांत बहुतेक वाटा चिंतामणरावांचाच होता. रेड्डींना त्यातून 91,879 मिळाली, गिरींना फक्त 18,562. तरीही गिरी 4,20,077 वर पोचले आणि रेड्डी 4,05,427 वर थांबले. फरक 14,650. तेव्हा खासदाराच्या मताचं मूल्य 576 होतं, म्हणजे 13 खासदार गिरींकडून रेड्डींकडे वळले असते तर राष्ट्रपती वेगळे झाले असते. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली. निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, तिथे राष्ट्रपती असताना गिरी स्वतः साक्षीला उभे राहिले, आणि याचिका फेटाळली गेली. रेड्डी पुढे 1977 मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

माझं मत विचाराल तर ‘विवेकाचा आवाज’ हे शब्द मला इथे खटकतात. सामान्य मतदार कुणाचं देणं लागत नाही, त्याची गुप्तता ही त्याची ढाल आहे. आमदार-खासदार मात्र तुमच्या-माझ्या मतावर, पक्षाच्या चिन्हावर तिथे गेलेला असतो. त्याने वेगळं मत द्यावं, जरूर द्यावं, पण मतदारसंघात येऊन सांगावं. 2007 मध्ये शिवसेना भाजपसोबत होती, आणि तरी भाजपच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या भैरोंसिंह शेखावतांऐवजी प्रतिभाताई पाटलांना, मराठी राष्ट्रपती व्हावा म्हणून, जाहीर पाठिंबा दिला. 2012 मध्येही प्रणव मुखर्जींना असाच उघड दिला. तो निर्णय कुणाला पटो न पटो, लोकांना जाब विचारायला जागा राहिली. 1969 मध्ये मत फिरवणाऱ्या कितीतरी जणांनी ती ठेवली नाही.

मी 19 वर्षांची आहे. आमचं घर पिढ्यान्पिढ्या एकाच पक्षाचं. लोकसभेला मी घरच्या पक्षाला मत दिलं, विधानसभेला दुसऱ्याला. बाबांना कळलं तर ते गद्दारी म्हणतील. माझं चुकलं का? (राजापूर)

नाही, मुली. तुझ्या आजोबांना विचार, 1984 मध्ये देशभर काँग्रेसची लाट होती आणि राजापूरने जनता पक्षाच्या मधु दंडवत्यांना निवडून दिलं. त्या मतदारांत इतर वेळी काँग्रेसला मत देणारी घरंही असणारच. 1999 मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वेळी झाल्या. एकाच केंद्रावर, एकाच सकाळी लोकांनी दोन मतं दिली. शिवसेना-भाजप युतीला लोकसभेच्या 48 पैकी 28 जागा मिळाल्या, विधानसभेच्या 288 पैकी 125. काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगळे लढल्यामुळे गणित गुंतागुंतीचं होतं, तरी बरेच जण दिल्लीचा आणि मुंबईचा विचार वेगळा करून आले होते, हे दिसतंच. अमेरिकेत 2024 मध्ये ॲरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी अध्यक्षपदासाठी ट्रम्प निवडले आणि त्याच मतपत्रिकेवर सिनेटसाठी डेमोक्रॅटिक उमेदवार.

मी बरीच वर्षं मतदान केंद्रांवर काम केलं आहे. नवरा बाहेर थांबून ‘सांगितलंय तिथेच मार गो’ असं बजावायचा, आणि बाई आत येऊन पुठ्ठ्याच्या आडोशामागे शांतपणे दोन मिनिटं उभी राहायची. तिने काय केलं हे आम्हालाही कळत नसे. तो आडोसा तिच्यासाठीच ठेवलेला असतो, आणि तुझ्यासाठीही. बाबांना सांगावंसं वाटलं तर कारणासकट सांग. त्यांनी विचारलं म्हणून मात्र सांगायलाच हवं असं नाही.