मित्राच्या टॅगवर हरीण मारू का?

प्रश्न: मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ऑफिसातला मित्र डिअर हंटिंगला चल म्हणतोय, वर म्हणतो माझ्या टॅगवर (म्हणजे एक हरीण मारायच्या परवानगीची, त्याच्या नावाची चिठ्ठी) मार, कोण बघतंय?

उत्तर: जायचं तर जा, पण त्याच्या टॅगवर अजिबात नको, तो सरळ गुन्हा आहे. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करून स्वतःचं शिकारीचं लायसन काढा, तुमच्या व्हिसावर त्याशिवाय बंदूक हातात घेणंसुद्धा महागात पडेल. भडक नारिंगी टोपी-जॅकेट घाला. हरीण पडलं की हलवायच्या आधी टॅग भरून कानाला बांधायचा, फोटोबिटो नंतर. आणि खरं सांगू, नेम पक्का नसेल तर ट्रिगर दाबूच नका, कारण गोळी लागून पळालं तर जरा थांबून पानांवरचे रक्ताचे थेंब बघत तासन्‌तास शोधायचं तुम्हालाच आहे, थंडीत, उपाशीपोटी.