मीखाची गोष्ट आधी वाच

बायबल नव्यानेच वाचायला घेतलं आहेस, तर नीतिसूत्रे ३:५ पाठ करून थांबू नकोस. आपल्याच बुद्धीवर विसंबू नये, हे पटकन पटतं आणि तितक्याच पटकन निसटतं. बायबलमधलं 'शास्ते' हे पुस्तक, अध्याय १७ उघड. मीखा आईची ११०० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी चोरतो, तिच्या शापाला घाबरून परत देतो. आई त्यातले २०० सोनाराला देऊन मूर्ती घडवते, तीही परमेश्वराच्या नावाने! पुढे मीखा वर्षाला १० शेकेल, कपडे आणि अन्नावर एक लेवी, म्हणजे देवसेवेसाठी नेमलेल्या वंशातला, पुरोहित ठेवतो. आता परमेश्वर माझं भलं करणार, अशी त्याची खात्री. मूर्ती घडवणं देवाने मना केलं होतं, पण आपण चुकतोय, हे त्याच्या गावीही नाही. प्रत्येक जण स्वतःला योग्य वाटेल तसं वागे, ही नोंद याच अध्यायात आहे, आणि पुस्तक संपतंही तिच्यावरच.

म्हणून 'माझं मन साफ आहे' एवढ्यावर निर्णय घेऊ नकोस. १ करिंथ ४:४ मध्ये येशूचा प्रेषित पौलसुद्धा तेवढ्यावर स्वतःला निर्दोष ठरवत नाही. वचन वाच, प्रार्थना कर, तोंडावर चूक दाखवणाऱ्या वडीलधाऱ्याला विचार. मात्र कुणी, अगदी चर्चच्या पाळकानेही, डोकं गहाण टाकायला सांगितलं तर ऐकू नकोस. बिरुया गावातल्या लोकांनी पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून पाहिलं होतं.